सहा मिनिटं चाळीस सेकंद

नमुना क्रमांक दोनशे बारा.
पुडी फोडली तर आधी सुंठ आली नाकात,
मग गवती चहा, निर्गुडी,
आणि मागून ज्येष्ठमधाचा गोडसर धागा.
वेष्टनावर डोंगर, डोंगराआड सूर्य,
खाली लाल अक्षरांत: गुडघ्यांसाठी. शंभर टक्के वनस्पती.

आमच्या खोलीत एसी आहे, तो मशीनसाठी.
बाहेर मे महिना, शेहेचाळीस अंश,
अमरावती रोडचं डांबर चप्पल धरून ठेवतं.
मी दोन ग्रॅम तोलले,
उकळतं पाणी ओतलं, झाकण ठेवलं, पाच मिनिटं.
अगदी आई करते तसं.

आई पाचपावलीत करते,
छोट्या गंजात, सकाळी सहाला,
आणि कप धरून गच्चीचा जिना चढते,
जो ती तीन वर्षं विसरली होती.
दिवाळीनंतर रामटेकचा गड चढून आली.
वर पोचून मला फोन:
"पाय वं, आली मी. मधात कुठी बसलीबी नाही."
चेहरा भरला होता तिचा, गोल, तुकतुकीत.
शकुन निखारे म्हणाली, तब्येत सुधारली माय तुमची.
मीही म्हणाले.
रोज लोकांचे नमुने तपासणारी मी,
मीही म्हणाले.

आधी कोरं पाणी सोडलं मशीनमध्ये.
रेघ सपाट राहिली, कन्हानच्या उन्हाळी वाळूसारखी.
मग दोनशे बारा.
सुरुवातीला झाडपाल्याची गर्दी,
बारीक टेकाडं, एकमेकांत मिसळलेली,
त्यांना नावं द्यायची घाई नसते.
आणि सहा मिनिटं चाळीस सेकंदांवर
एकटा, सरळ, टोकदार
गड.

डेक्सामेथासोन.
हे कुठल्या झाडाला लागत नाही.

तीनदा केलं. स्तंभ धुऊन पुन्हा केलं.
बोरीकर सर मागे येऊन उभे राहिले, चष्मा कपाळावर,
म्हणाले, "गुण येणारच की मग."

हेडाऊंना बोलावलं तेव्हा ते दुपट्टा बांधून आले,
माठातलं दोन ग्लास पाणी प्याले,
आणि खुर्चीच्या कडेला बसले.
"मी बी हाच पितो, मॅडम. माही बायको बी पिते.
पाला मी निवडतो. भुकटी तेवढी इतवारीतून येते,
पोत्यावर नाव नसते.
ती टाकली का लोक परत येते,
नाही टाकली का नाही येत."
मग हळूच, "मशीन कधी चुकत नाही का?"
त्यांचाही चेहरा गोल होता.
मला तोवर दिसला नव्हता.

अहवालाला एक पान पुरलं.
शेवटचं वाक्य छापीलच असतं:
मानवी सेवनास असुरक्षित.
खाली माझी सही, जरा तिरपी.

घरी आईला सांगितलं. ती भेंडी चिरत होती.
"म्हंजे काहीतरी आहेच ना त्यात," ती म्हणाली,
जिंकल्यासारखी.
मी साखरेचं सांगितलं, हाडांचं सांगितलं.
रक्त काढायला नेलं, साखर दोनशे साठ निघाली.
डॉक्टर म्हणाले, एकदम बंद करायचं नाही,
शरीर आपलं काम विसरलेलं असतं,
त्याला हळूहळू आठवू द्यायचं.
म्हणून आता तेच, जवळजवळ तेच,
पण पट्टीत, नावानिशी, मोजून:
या आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात अर्धी,
मग पाव.

जिना पुन्हा उंच होत चालला आहे.
काल ती चौथ्या पायरीवर थांबली,
कठड्याला धरून, कूलरच्या आवाजावरून ओरडून विचारलं:
"मंग गड कोनं चढला वं?
म्या, का त्या गोळीनं?"

मी स्वयंपाकघरात अर्ध्या गोळीची पाव करत होते.
सुरी सरकली,
एक तुकडा उडून फ्रिजखाली गेला.
मी फरशीवर पालथी पडून
हात घालून शोधत राहिले.